सात हजार हाली

खुनाचं नाटक करायचं म्हटल्यावर आमच्या मंडळात सरळ दोन तट पडले. सेलूसारख्या तालुक्याच्या गावातलं हौशी मंडळ वर्षाला एक नाटक बसवतं, तेही राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर जायचं म्हणून. स्पर्धा म्हटली की विषय ठरलेले: दुष्काळ, कर्ज, धरणात गेलेली गावं. हे विषय आमच्या दारातलेच आहेत आणि त्यांवर आम्ही मनापासून नाटकं केली आहेत. पण अलीकडं आमच्या प्रेक्षकांना पहिली घंटा व्हायच्या आत शेवट कळलेला असायचा. एका तटाचं म्हणणं होतं की रहस्यनाटक म्हणजे हलका माल, परीक्षक नाक मुरडतील. मी दुसऱ्या तटात. माणसाला दोन तास डोकं चालवायला लावणारं नाटक हलकं कसं, हे मला आजही कळलेलं नाही. मंडळातले एक निवृत्त तलाठी, ज्यांची हयात जुनी दप्तरं चाळण्यात गेली, म्हणाले, "लिहितो मी." तिथं वाद मिटला.

त्यांनी काळ घेतला १९४६ चा श्रावण. निजामाचं राज्य. दुधनेला पूर आलेला आणि गावाबाहेरचा देशमुखी वाडा चहूकडून तुटलेला. आत म्हातारे देशमुख, त्यांची विधवा सून, कारभारी, वैद्यबुवा, स्वयंपाकीणबाई, पुरामुळं अडकलेले पोलीस अमीन, आणि फार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भावाचा मुलगा म्हणून नुकताच दारात येऊन उभा राहिलेला पुतण्या. पहाटे देशमुख अंथरुणात मेलेले सापडतात. वरच्या देवळीत अफूची डबी उघडी.

पहिल्या वाचनाला कुणीतरी विचारलं, १९४८ कामून घेतलं नाही? पोलीस कारवाईचे दिवस, केवढा ताण मिळाला असता. तलाठी म्हणाले, "अठ्ठेचाळीस घेतलं की रझाकार आले. बाहेर एवढी माणसं मरत असताना या घरातल्या एका म्हाताऱ्याचं कोण बघतंय?" मला हे फार पटलं. खुनाच्या नाटकाला अशी जागा लागते जिथं एका माणसाच्या मरणानं सगळ्यांची कामं थांबतात.

आता या नाटकाची किल्ली सांगते. प्रयोग झाले आहेत, त्यामुळं सांगायला हरकत नाही. निजामाच्या राज्यात स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. ६ कलदार म्हणजे ७ हाली. एका कलदार रुपयाला हाली १ रुपया २ आणे ८ पै. कर्ज असो, जमिनीचा सौदा असो, मोठा आकडा निघाला की "हाली का कलदार?" हे आधी ठरवून घ्यायचं. पुढं १९५० च्या दशकात हाली गेला, पण आमच्याकडं ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी कलदार अजून आहे.

पुतण्या सांगतो की तो बिदरकडं मामाच्या घरी वाढला, म्हणजे निजामीतच. खरा तो नगर जिल्ह्यातला, इंग्रजी मुलखातला, दुसऱ्याचे कागद घेऊन आलेला भामटा. त्याचं डोकं कलदारात चालतं. देशमुखांच्या जमिनीचा सौदा ७,००० हालीचा. दुसऱ्या अंकात बोलता बोलता तो "सहा हजार" म्हणून जातो. कारभारी म्हणतो, "सात, मालक." तो म्हणतो, "हां, सातच." बोलणं पुढं सरकतं. एवढंच. सगळं नाटक या तीन वाक्यांवर उभं आहे.

माझ्याकडं प्रॉम्प्टिंग होतं, म्हणजे नट अडकला की विंगेतून त्याला वाक्य सांगायचं, आणि त्याच्याबरोबर एक वही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून दिग्दर्शकानं ती मला दिली असावी. आमचा दिग्दर्शक तरुण आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकून आलेला. त्यानं सांगितलं, संहितेच्या प्रत्येक पानासमोर तीन गोष्टी लिहायच्या: या क्षणी कोण कुठं आहे, कुणाला काय ठाऊक आहे, आणि प्रेक्षकाला काय दिसलं आहे. सामाजिक नाटकात अशी वही कुणी ठेवत नाही. इथं ती नसती तर पहिल्याच आठवड्यात गाडी रुतली असती. पहिल्या खर्ड्यात स्वयंपाकीणबाई कंदील उचलून माजघरात जातात आणि पुढच्याच पानावर सून पुतण्याला ओसरीवर "पाहते". कंदील गेल्यावर ओसरीवर उजेड कुठला? तलाठ्यांनी ते बदललं. सुनेनं फक्त वहाणांची करकर ऐकली, असं केलं. या बदलानं नाटकाला केवढा फायदा झाला! ऐकलेल्या गोष्टीची खात्री देता येत नाही, आणि तिसऱ्या अंकात अमीन नेमकं त्याच खात्रीवर बोट ठेवतात.

विषाचं काम आमच्या डॉक्टरांनी नीट लावून दिलं. ते मंडळात वैद्यबुवा करतात. मूळ संहितेत देशमुख काढ्याचा घोट घेतात आणि छातीला हात लावून कोसळतात. डॉक्टर म्हणाले, असं फक्त सिनेमात मरतात. मग धोतरा आला. धोतऱ्यानं तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, चेहरा लाल होतो, माणूस असंबद्ध बोलतो, हवेतले नसलेले धागे वेचतो. आणि डोळ्यांच्या बाहुल्या पसरतात. अफूनं याच्या उलट, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. म्हणजे उघड्या डबीकडं बघून सगळे अफू म्हणत असतील, तर मेलेल्याचे डोळे वेगळंच सांगणार.

पण बाहुली तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही दिसत नाही. तेव्हा वैद्यबुवांच्या तोंडी ते आणावं लागलं. ते कंदील तोंडाजवळ नेतात, झाकण उचलावं तशी पापणी उचलतात आणि गप्प होतात. "अफू" हा शब्द घरातल्या सगळ्यांनी उच्चारलेला आहे, वैद्यांनी एकदाही नाही. ते फक्त म्हणतात, "डोळे मोठे राहिलेत." ज्याला कळायचं त्याला तिथंच कळतं. पहिल्या अंकाच्या शेवटी देशमुख पुन्हा पुन्हा पाणी मागतात, पदरासारखं काहीतरी हवेतून ओढतात, मेलेल्या बायकोला हाक मारतात. बघणाऱ्याला वाटतं म्हातारपण आहे, उकाडा आहे. हे सगळं भर उजेडात, रंगमंचाच्या मधोमध होतं. मला या नाटकातला हा भाग सगळ्यात आवडतो. काहीही लपवलेलं नाही.

तालमींचं वेळापत्रक सोयाबीनच्या काढणीनं ठरवलं, दुसरं कुणी नाही. कारभारी करणारे काका कापडदुकानदार, त्यांना दिवाळीच्या आधी सवड नाही. अमीन करणाऱ्याचं कृषी सेवा केंद्र, त्याला रब्बीच्या बियाण्याची घाई. सुनेचं काम करणारी पोस्टात आहे, आणि बाईमाणसानं रात्री दहाला तालमीहून घरी जायचं म्हटलं की आमच्याकडं घरोघर चर्चा होते. ती चर्चा बंद करायचा एकच रस्ता: संध्याकाळी साडेपाचला सुरू, आठच्या आत बंद, आणि बायकांचे प्रवेश आधी. हे नियम आम्ही एकदाही मोडले नाहीत. यामुळंच स्वयंपाकीणबाईंच्या भूमिकेला एक आजी मिळाल्या, ज्यांनी याआधी फक्त भारूडात काम केलं होतं, आणि त्यांच्यासारखं रंगमंचावर शांत बसणं आमच्यातल्या कुणाला जमलं नाही.

दिग्दर्शकानं आधी शेवटचा अंक कुणाला दिलाच नाही. खुनी कोण ते नटांनाही ठाऊक नको, म्हणजे सगळे सारखेच संशयास्पद वाटतील, असा त्याचा हिशोब. झालं भलतंच. प्रत्येकजण आपणच खुनी असू या तयारीनं वागू लागला. कुणी तिरपं बघतंय, कुणी वाक्यामागं उगाच थांबतंय, स्वयंपाकीणबाई पातेलं ठेवतानाही दाणकन ठेवतायत. हे असं करणाऱ्या मंडळींना मी सांगेन की नटांपासून शेवट लपवू नका. आम्ही तिसरा अंक वाटला आणि दुसऱ्या दिवसापासून तालीम बदलली. ज्याला ठाऊक आहे की आपण खून केलेला नाही, तो आपल्या खऱ्या काळजीनं घाबरतो. कारभाऱ्यानं हिशोबात थोडी हातचलाखी केलेली आहे, सुनेनं दागिने माहेरी पाठवलेले आहेत, अमिनांना पूर ओसरायच्या आत प्रकरण मिटवायचं आहे. प्रत्येकाला लपवायला स्वतःचं काहीतरी मिळालं, आणि संशय आपोआप तयार झाला.

पुतण्याचं काम करणारा पोरगा बँकेत बदलून आलेला, गावाला नवा. काहींना वाटत होतं की ही भूमिका शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना द्यावी, सगळ्या गावाचा त्यांच्यावर जीव, त्यांच्यावर कुणाचाच संशय जाणार नाही. दिग्दर्शकानं नाही म्हटलं. गावातली ओळख परभणीत चालणार नाही, आणि जे परभणीत चालत नाही ते नाटकात नाहीच, असं त्याचं उत्तर.

या पोराची खरी परीक्षा "सहा हजार" या शब्दांपाशी. त्याला ठाऊक होतं की हेच ते वाक्य, म्हणून आवाज तिथं आपसूक जड व्हायचा. हलकं म्हण म्हटलं की इतकं हलकं म्हणायचा की तेही कानाला खटकायचं. शेवटी दिग्दर्शकानं त्याच्या पुढ्यात पानाचा डबा ठेवला. विडा लावायला सुनेला वेळ नाही म्हणून पुतण्या लावतो, असा धागा आधीपासून होताच. पानाच्या शिरा काढायच्या, चुना लावायचा, कात, सुपारी, लवंग टोचायची, आणि हे करता करता बोलायचं. चुना बोटाला जास्त लागला तर पुसायचा. खरं पान, खरा चुना. हाताला काम मिळाल्यावर जिभेवरचा भार गेला.

मग प्रश्न आला बघणाऱ्यांचा. कापडदुकानदार काकांच्या आई एकदा तालमीला येऊन बसल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या. "सहा हजार" ऐकलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कलदारात बोलायलंय की हे पोरगं. हे इकडचं न्हाई." दुसरा अंक अर्धाही झालेला नव्हता! त्याच वेळी मागं बसलेल्या कॉलेजच्या मुलांना तिसऱ्या अंकात उलगडा झाल्यावरही काही समजलं नाही, कारण हाली म्हणजे काय हेच त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. एकाच गोष्टीवर म्हाताऱ्यांचं रहस्य फुटत होतं आणि पोरांचं उलगडतच नव्हतं.

तलाठ्यांनी दोन दुरुस्त्या केल्या, आणि त्या मला लेखनाचा उत्तम नमुना वाटतात. पहिल्या अंकात स्वयंपाकीणबाईंच्या मुलानं पुण्याहून ६ रुपये पाठवलेत. कारभारी तिला ७ हाली मोजून देतो. ती परत परत मोजते, एक रुपया जास्त कसा म्हणून घाबरते, आणि कारभारी तिला समजावून सांगतो. प्रवेश छोटा, हसू येतं, आजींनी तो असा केला की लोकांना पुढं खुनाची आठवणही राहू नये. पण सहाचे सात होतात हे विशीच्या पोराच्या कानावर पडून जातं. दुसरी दुरुस्ती म्हाताऱ्यांसाठी: सुनेचं माहेर सोलापूर केलं. सोलापूर इंग्रजी मुलूख. तीही एके ठिकाणी कलदारात बोलते, आणि तिच्याकडं त्याचं सरळ कारण आहे. आता जाणत्या माणसाला दोघांवर नजर ठेवावी लागते.

आणि इथंच आमच्यात खरं भांडण झालं.

"सहा हजार... सात, मालक... हां, सातच" हे ऐकताना बाहेरच्या माणसाला वाटतं की नट चुकला आणि दुसऱ्या नटानं त्याला सावरलं. हौशी नाटकात असं होतंच, लोकांना त्याची सवय असते. म्हणजे आमचं हौशी असणंच या पुराव्याला आडोसा देत होतं. दिग्दर्शक यावर बेहद्द खूश. त्यातून त्याला सुचलं की विंगेतून मी हळूच, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल असं, "सात" म्हणायचं. प्रॉम्प्टरनं सावरलं म्हटल्यावर शंकेला जागाच नाही.

मी नकार दिला. मला तेव्हा नीट मांडता आलं नसेल, पण आज मांडते. रंगमंचावरचं प्रत्येक पात्र खोटं बोलू शकतं, तो त्याचा हक्क आहे. प्रेक्षक ते धरूनच बसलेला असतो आणि त्या खोट्यातून खरं निवडायला तयार असतो. प्रॉम्प्टर मात्र पात्र नाही. तो नाटकाच्या बाहेर उभा आहे, घंटा वाजवणाऱ्यासारखा, पडदा ओढणाऱ्यासारखा. त्यानंच फसवलं तर तिकीट काढून आलेल्या माणसानं विश्वास ठेवायचा कशावर? मग पडद्यावर, काळोखावर, मध्यंतरावरही संशय घेत बसावं लागेल. उलगडा झाल्यावर माणूस कपाळावर हात मारून म्हणाला पाहिजे की समोर तर होतं. "तुम्ही फसवलंत" असं म्हणाला की संपलं.

कारभाऱ्यानं "सात" म्हटलं तर चालतं, कारण त्याला खरंच वाटतं की मालकाचा आकडा चुकला. ते वाक्य नाटकाच्या आतलं आहे. तालीम त्या दिवशी तिथंच थांबली. तलाठी माझ्या बाजूनं बोलले, आजी काही बोलल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले की एवढ्याशा "सात"नं काय बिघडतं. दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः संहितेत लिहिलं: या प्रवेशात प्रॉम्प्टिंग नाही, नट अडकला तरी नाही. मला वाटतं यासाठी मोठं मन लागतं.

नेपथ्याबद्दल थोडक्यात. बांबूच्या चौकटी, त्यांवर गोणपाट, वर कागद आणि पिवळ्या मातीचा हात. माळवदाचं घर असल्यानं छत खाली हवं होतं, ते सागवानी तुळयांच्या भासावर निभावलं. पाऊस आयटीआयच्या पोरांनी विंगेत सुपात तूर घोळवून पाडला. रेकॉर्ड केलेल्या पावसापेक्षा तो कितीतरी खरा, कारण नट थांबला की पाऊसही थांबून ऐकायचा. अडचण एकच होती, मेलेले देशमुख. अख्खा दुसरा अंक त्यांना पलंगावर पडून राहायचं आणि छाती तर हलणारच. पलंगाला मच्छरदाणी लावली. समोरून उजेड टाकला की जाळी दाट होते, आतलं दिसत नाही. मागून टाकला की आतला माणूस दिसतो. वैद्यबुवा डोळे बघतात तेवढ्यापुरता मागचा दिवा, पुढं सगळा वेळ समोरचा. देशमुख करणारे गृहस्थ म्हणाले की इतकी चांगली झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

अमिनांची दखनी आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी घोटून घेतली. "नहीं" म्हटलं की ते थांबवायचे. "नक्को" म्हणा.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र आणलं, बाकीचे कागद केले, आणि गावात लागोपाठ दोन संध्याकाळी प्रयोग लावले. मध्यंतरात चिठ्ठ्या वाटल्या: खुनी कोण वाटतो ते लिहा आणि डब्यात टाका. ढीग कारभाऱ्याच्या नावाचा. काका मनापासून दुखावले, "माझ्याकडून कापड घेणारी माणसं आहेत ही" म्हणाले. "सहा हजार"च्या वेळी मी विंगेत होते. पुढच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, "चुकलं बघ पोरगं." माझी वही बंद होती, ओठ मिटलेले होते. पुतण्यानं लवंग टोचली आणि विडा तबकात ठेवला.

तिसऱ्या अंकात अमीन स्वयंपाकीणबाईंना पुढं बोलावतात आणि विचारतात, "बाई, तुमच्या लेकानं किती पाठवले?" ती म्हणते, "सहा." "हातात किती आले?" "सात." सभागृहात जो आवाज उठला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. कॉलेजची पोरंही त्या आवाजात होती. ज्यांनी "चुकलं" म्हटलं होतं ती माणसं एकमेकांकडं वळून बोट दाखवत होती.

लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या एका रहस्यनाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आम्हीही केली. तालुक्याच्या गावात गोष्ट चोवीस तास पोटात राहील असं कुणालाच वाटलं नव्हतं. लोकांनी ती ठेवली, आणि वरून स्वतःची भर घातली: दुसऱ्या दिवशीच्या प्रेक्षकांना चहाच्या गाड्यांवर कुणी आजींचं नाव सांगितलं, कुणी डॉक्टरांचं. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत बिचाऱ्या वैद्यबुवांवर बराच संशय निघाला.

परभणीला प्रयोग नेटका झाला. पुढच्या फेरीत आमची निवड झाली नाही. एका परीक्षकांनी नंतर भेटून पलंगामागच्या दिव्याबद्दल बारकाईनं विचारलं, त्याचं आम्हाला समाधान आहे.

आता मानवत तालुक्यातल्या एका गावच्या तरुण मंडळानं संहिता मागितली आहे. त्यांना शेवट बदलायचा आहे, खुनी वैद्य करायचा आहे. तलाठी म्हणाले, करा. मी संहितेबरोबर माझ्या वहीची झेरॉक्स दिली आणि सांगितलं की खुनी बदलायचा तर आधी ही वही पहिल्या पानापासून परत लिहा, कारण काढा कुणी उकळला, कुणी गाळला आणि कुणी नेला हे सगळं उलटं फिरणार आहे. प्रॉम्प्टरच्या पानाबद्दल त्यांनी विचारलं. ते पान आहे तसं ठेवा म्हटलं.